बावन्न इंचांचा नळ आणि पंधरा हजार माणसे

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी रिचमंड नावाचे शहर आहे आणि त्या शहरात शेव्हरॉन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. ६ ऑगस्ट २०१२ रोजी, सोमवारी दुपारी ३ वाजून ४८ मिनिटांच्या सुमारास, तेथील कच्च्या तेलाच्या ऊर्ध्वपातन विभागात एका नळातून तेल ठिबकताना आढळले. ६ वाजून ३२ मिनिटांनी तो नळ फुटला. तप्त तेलाचा पांढरा ढग पसरला आणि त्यात कारखान्याचीच एकोणीस माणसे सापडली. दोन मिनिटांनी ढग पेटला. अठरा जण त्याआधी कसेबसे बाहेर पडले होते. एक जण अग्निशामक गाडीत होता, तो ज्वाळांतून वाट काढत निघाला. कोणी दगावले नाही, हे केवळ सुदैव. पण पुढच्या काही आठवड्यांत आसपासच्या वस्त्यांतील सुमारे १५,००० माणसे डॉक्टरांकडे गेली. धाप लागणे, छातीत दुखणे, घसा धरणे, डोके दुखणे अशा त्यांच्या तक्रारी होत्या. सुमारे वीस जणांना रुग्णालयात दाखल करून घ्यावे लागले.

या घटनेची चौकशी अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने केली. अंतरिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये आणि अंतिम अहवाल जानेवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत संगणकावर तयार केलेली एक चित्रफीतही आहे. ही सगळी सामग्री कोणालाही विनामूल्य मिळते. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाला ती वर्गात वापरता येईल काय, या दृष्टीने आम्ही ती पाहिली. आमचे मत आरंभीच सांगतो. धातूच्या क्षरणावरचा पाठ म्हणून इतका चांगला दस्तऐवज आमच्या पाहण्यात दुसरा नाही. हवेच्या प्रदूषणावरचा पाठ म्हणून मात्र तो अपुरा आहे. आणि हे अपुरेपण किरकोळ नाही.

असे आम्ही का म्हणतो ते समजण्यासाठी या मंडळाचा जन्म पाहावा लागतो. १९९० साली अमेरिकेने आपल्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि त्यांतून हे मंडळ निर्माण झाले. प्रत्यक्ष काम १९९८ मध्ये सुरू झाले. मंडळाला दंड करण्याचा किंवा कारखाना बंद करण्याचा अधिकार दिलेला नव्हता. चौकशी करावी, कारणे सांगावीत, शिफारशी कराव्यात एवढेच काम. (२०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकात हे मंडळच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. ज्याच्या हातात काठीही नाही अशा रखवालदाराचीही कोणाला अडचण व्हावी, हे नवल.) ज्याची चौकशी करायची त्या 'अपघाती उत्सर्जना'ची व्याख्या त्याच कायद्यात आहे. तिचा आशय असा, की स्थिर स्रोतातून घातक पदार्थ बाहेरच्या हवेत अनपेक्षितपणे सुटणे. या व्याख्येला दोन पाय आहेत. एक 'अनपेक्षितपणे' आणि दुसरा 'बाहेरच्या हवेत'. मंडळाचा अहवाल पहिल्या पायाची कठोर तपासणी करतो आणि दुसऱ्याकडे जवळजवळ पाठ फिरवतो.

आधी पहिल्या पायाविषयी, कारण तेथे अहवालाने खरोखर अभ्यास केला आहे.

कच्चे तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडले, की वेगवेगळ्या उत्कलनबिंदूंचे घटक वेगवेगळ्या उंचीवर गोळा होतात आणि बाजूच्या नळांनी बाहेर काढले जातात. हे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. फुटलेला नळ अशाच एका बाजूच्या वाटेचा भाग होता. त्यातून हलके गॅस ऑइल, म्हणजे डिझेलच्या जवळपासचा घटक, सुमारे ३४० अंश सेल्सिअस तापमानाला वाहत होता. नळाचा व्यास ८ इंच, बसवल्याचे वर्ष १९७६. जो तुकडा फुटला त्याची लांबी ५२ इंच, म्हणजे साधारण १३२ सेंटिमीटर.

क्षरण म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे गंजलेला खिळा येतो. तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण करतो आणि लोखंड गंजायला पाणीही लागते, ऑक्सिजनही लागतो, असे सिद्ध करून दाखवतो. ते बरोबरच आहे. पण त्यातून नकळत एक चुकीचा समज पक्का होतो, की जेथे पाणी नाही तेथे लोखंडाला भय नाही. रिचमंडच्या त्या नळात गरम तेल होते. कच्च्या तेलात गंधकाची संयुगे असतात आणि सुमारे २३० ते ४२५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ती लोहाशी संयोग पावून लोहाचे सल्फाइड बनवतात. चांदीची वाटी काळी पडते तीही गंधकामुळेच, म्हणून हे उदाहरण मुलांना परके वाटणार नाही. फरक एवढाच, की चांदीवरचा थर आपण घासून काढतो, आणि येथे नळाची भिंतच वर्षानुवर्षे आतून झिजत जाते.

यापुढची हकीकत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. लोहाच्या सल्फाइडचा थर काही प्रमाणात आतल्या धातूचे रक्षणही करतो. पोलादात थोडे सिलिकॉन असेल तर हा थर अधिक चिवट बनतो. सिलिकॉनचे प्रमाण ०.१० टक्क्याहून कमी असेल तर क्षरणाचा वेग काही वेळा सोळा पटींपर्यंत वाढू शकतो, असे अहवाल सांगतो. १९७६ साली त्या वाटेवर जे पोलाद वापरले गेले त्याच्या मानकात सिलिकॉन किमान किती हवे याची अटच नव्हती. परिणामी एकाच वाटेवर शेजारीशेजारी जोडलेल्या तुकड्यांत सिलिकॉन वेगवेगळे निघाले. फुटलेल्या तुकड्यात ते ०.०१ टक्का होते. त्याला लागूनच असलेल्या एल्बोमध्ये ०.१६ टक्के होते. एल्बोची झीज पुष्कळच कमी होती. फुटलेल्या तुकड्याच्या भिंतीची जाडी मात्र फुटीच्या जागेजवळ सरासरी ९० टक्के नाहीशी झाली होती. मूळ जाडी ८ मिलिमीटरहून किंचित जास्त. म्हणजे उरली एक मिलिमीटरहूनही कमी. छत्तीस वर्षांत सात मिलिमीटरांहून थोडी अधिक झीज, म्हणजे वर्षाला सरासरी ०.२ मिलिमीटर. विद्यार्थ्यांना हा भागाकार करायला सांगावा. इतक्या सावकाश चालणाऱ्या गोष्टीला 'अचानक' म्हणता येईल काय, हा प्रश्न मग त्यांच्याच तोंडून येतो.

नळाची जाडी कोणी मोजत नव्हते असे नाही. मोजत होते, पण एल्बोंवरच्या ठरावीक जागांवर. वळणावर झीज जास्त होते हा अनुभव असतो, तेव्हा त्या जागा निवडण्यात वरवर पाहता काही गैर नव्हते. पण या ठिकाणी झीज ठरत होती ती वळणावरून नव्हे, तर पोलादाच्या घटनेवरून. आणि एल्बोचे पोलाद चांगले होते. मापे खरी होती, उपकरण निर्दोष होते, नोंदी व्यवस्थित होत्या, आणि तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. नमुना कोठून घेतला याला नमुन्याइतकेच महत्त्व असते हे आम्ही संशोधक एकमेकांना सतत बजावत असतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण आम्हाला पाठ्यपुस्तकांत मिळाले नव्हते.

शिवाय इशारेही होते. २००२ साली एका निरीक्षकाने हा नळ अधिक चांगल्या पोलादाचा करावा अशी शिफारस केली होती. २००७ साली याच कारखान्यात, याच विभागात, कमी सिलिकॉनच्या पोलादाचा दुसरा एक तुकडा याच कारणाने फुटून आग लागली होती. २००९ साली कंपनीच्याच तज्ज्ञांनी लिहिले, की ज्या वाटांवर असे क्षरण संभवते तेथील साध्या पोलादाचा प्रत्येक तुकडा तपासावा. २०११ साली मोठ्या दुरुस्तीसाठी, कारखान्यातील माणसे ज्याला शटडाउन म्हणतात त्यासाठी, विभाग बंद ठेवला गेला. तेव्हाही त्या बावन्न इंचांच्या तुकड्याला कोणी हात लावला नाही. अहवाल हे सारे कोणावर न ओरडता, एकापुढे एक मांडत जातो. त्याचे हे संयमित लेखन आम्हाला आवडले. 'अनपेक्षित' या शब्दात मग फारसे काही उरत नाही. नळ कोणत्या मिनिटाला फुटेल ते ठाऊक नव्हते, एवढेच.

२०१३ साली कंपनीने सहा आरोपांना न्यायालयात आव्हान न देण्याचे ठरवले आणि दंड व भरपाई मिळून वीस लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. कॅलिफोर्नियाने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सुरक्षिततेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू केले. या नियमांमागे प्रस्तुत अहवालाचे बळ होते. मंडळाच्या कामाचे हे यश आम्ही कमी लेखत नाही.

आता दुसरा पाय.

त्या संध्याकाळी हवेत काय गेले, किती गेले, ते कोणत्या दिशेने व किती उंचीवरून गेले, आणि जमिनीवरच्या माणसाच्या नाकापर्यंत त्यातले किती पोचले? अहवालाचे विवेचन या वाटेने जात नाही. पंधरा हजार माणसांचा उल्लेख येतो, त्यांच्या तक्रारींची यादी येते, आणि मग अहवाल पुन्हा नळाकडे वळतो. चित्रफितीचा भरही नळ, गळती आणि आग यांवरच आहे. हवा कायद्याच्या पोटी जन्मलेल्या मंडळाने हवेलाच इतकी कमी जागा द्यावी, हे आम्हाला खटकते.

यावर कोणी म्हणेल, की हवा तपासणे हे त्या विभागाच्या हवा नियंत्रण मंडळाचे काम आणि माणसे तपासणे हे जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचे. कामाची अशी वाटणी आहे खरी. पण वाटणीमुळेच गोष्ट तुटते. नळ एकाने पाहिला, हवा दुसऱ्याने, माणसे तिसऱ्याने. आणि नळातून निघून माणसाच्या फुप्फुसापर्यंत गेलेला पदार्थ एकच होता.

अहवालातील एक छायाचित्र या दृष्टीने फार बोलके आहे. उपसागरापलीकडून घेतलेल्या या चित्रात दोन वेगळे ढग दिसतात, एक पांढरा व एक काळा. दोन्हींना सर्रास 'धूर' म्हटले जाते, पण ते दोन वेगळे पदार्थ आहेत. पांढरा ढग म्हणजे न जळलेले तेल. ३४० अंशांवरचे तेल मोकळ्या हवेत आले की त्याची वाफ होते, ती थंड हवेत मिसळून सूक्ष्म थेंबांच्या रूपाने गोठते, आणि थेंबांवरून प्रकाश विखुरला गेल्याने ढग पांढरा दिसतो, धुक्यासारखाच. असा ढग जमिनीलगत पसरत जातो. काळा धूर हे अपुऱ्या ज्वलनाचे फळ. त्यात काजळीचे सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, गंधक जळून झालेला सल्फर डायऑक्साइड, बेंझीनसारखी संयुगे आणि अ‍ॅक्रोलिनसारखी चुरचुरणारी द्रव्ये असतात. (कढईतले तेल धुरावले की डोळ्यांतून पाणी येते, त्यामागेही अ‍ॅक्रोलिन असते.) हा धूर तप्त असल्यामुळे वर चढतो. कारखान्याच्या कुंपणाशी उभे केलेले यंत्र त्यामुळे जवळजवळ काहीच दाखवणार नाही, आणि धूर थंडावून खाली येईल तेथे, काही किलोमीटरांवर, लोक खोकत असतील. वर उबदार हवेचा थर असेल तर धूर त्याखाली कोंडला जाईल. धुरात पुरेसा जोर असेल तर तो थर भेदून वरच राहील. त्या संध्याकाळचा वारा आणि तापमानाचे थर यांवर चार पाने असती, तर अहवालाचे मोल दुप्पट झाले असते.

किती पदार्थ गेला याचा अंदाजही शाळेत करता येतो. त्या नळातून दिवसाला सुमारे १०,८०० बॅरल तेल वाहत होते. बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर. म्हणजे मिनिटाला सुमारे १,२०० लिटर, वजनाने साधारण एक टन. समजा तेलात वजनाने १ टक्का गंधक आहे. (हा आकडा उदाहरणासाठी घेतलेला आहे, त्या दिवशीच्या तेलाचा नव्हे.) गंधकाचा अणुभार ३२, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४, म्हणजे गंधकाच्या दुप्पट वजनाचा वायू. नळातले सगळे तेल जळत गेले तर मिनिटाला २० किलो सल्फर डायऑक्साइड. हिशोब ढोबळ आहे, पण तो एकदा मांडला की पुढचे प्रश्न विचारता येतात.

आता त्या पंधरा हजारांविषयी. हा आकडा दोन्ही बाजूंनी चुकीचा वापरला जातो, म्हणून त्याबाबत थोडे थांबणे आवश्यक आहे. काही लेखक लिहितात की पंधरा हजारांना विषबाधा झाली. अहवाल तसे म्हणत नाही. एवढ्या लोकांनी उपचार घेतले, असे म्हणतो. डॉक्टरकडे जाणे आणि आजारी पडणे या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. काही जण भीतीने गेले असतील, काही आधीच्या दम्यामुळे, काहींना नुकसानभरपाईची आशा असेल. उलट, गेले नाहीत पण त्रास झाला असेही असतीलच, आणि त्यांची नोंद कोठेच नाही. दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असा, की हवेच्या नोंदींत मर्यादा ओलांडलेली दिसत नसेल तर लोकांचा त्रास मनाचा. हा युक्तिवाद अधिक घातक आहे, कारण तो शास्त्रीय दिसतो. नोंदीत काही दिसले नाही याचा अर्थ एवढाच, की नोंद जेथे व जेव्हा झाली तेथे व तेव्हा काही नव्हते. एल्बोची जाडी ठीक होती म्हणून शेजारचा तुकडा ठीक होता काय? जी चूक अहवालाने नळाच्या बाबतीत इतक्या स्पष्टपणे दाखवली तीच हवेच्या बाबतीत होऊ शकते, हे त्याच अहवालाने सांगायला हवे होते.

मोजण्याची जागा हा एक प्रश्न. मोजण्याचा काळ हा दुसरा. आणि येथे दोष केवळ या अहवालाचा नाही. २०१५ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुंपणाभोवती बेंझीन मोजण्याचा नियम केला. कुंपणावर ठिकठिकाणी लहान नळ्या लावतात. हवेतील बेंझीन त्यांत शोषले जाते. दर दोन आठवड्यांनी नळ्या काढून तपासतात. सर्वाधिक व सर्वांत कमी नोंदींतील फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरला ९ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक झाली, तर कारखान्याने कारण शोधून उपाय करावा लागतो. रोज थोडे थोडे गळणारे झडप किंवा टाकी शोधायला ही पद्धत उत्तम आहे, आणि ती त्यासाठीच योजलेली आहे. पण ती अपघाती उत्सर्जन पकडू शकत नाही. का ते पाहू. समजा एखाद्या संध्याकाळी चार तास बेंझीनचे प्रमाण नेहमीपेक्षा ३०० मायक्रोग्रॅमने वाढले. दोन आठवडे म्हणजे ३३६ तास. ३०० गुणिले ४, भागिले ३३६. उत्तर आले ३.६ पेक्षा थोडे कमी. वर्षात असे २६ पंधरवडे. बाकीचे सगळे स्वच्छ धरले तर वार्षिक सरासरीत या संध्याकाळची भर पडते ०.१४ मायक्रोग्रॅम. नियमाची मर्यादा ९. म्हणजे ज्या संध्याकाळी गाव घरात कोंडून बसले, ती संध्याकाळ वर्षाच्या नोंदीत जवळजवळ घडलेलीच नसते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सरासरी काढणे हे लबाडीचे काम नव्हे. बेंझीनमुळे कर्करोगाचा धोका वाढतो तो दीर्घकाळ साठत गेलेल्या मात्रेने, आणि त्या प्रश्नासाठी वर्षाची सरासरी हेच योग्य माप आहे. पण सल्फर डायऑक्साइडने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळल्या जातात त्या काही मिनिटांत. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच त्याच्यासाठी दहा मिनिटांची मर्यादा सुचवली आहे, घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम. अमेरिकेने २०१० साली एका तासाचे मानक स्वीकारले. आपल्या देशाची २००९ ची राष्ट्रीय मानके पाहिली तर सल्फर डायऑक्साइडसाठी २४ तासांची मर्यादा ८० आणि वर्षाची ५० मायक्रोग्रॅम आहे, तासाची नाही. आता गणित करा. तेवीस तास हवेत २० मायक्रोग्रॅम, आणि एक तास १,०००. दिवसाची सरासरी येते सुमारे ६१. मर्यादेच्या आत! मुंबईत माहुलला दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने आणि त्यांना लागून दाट वस्ती आहे. तेथील एका कारखान्यात ८ ऑगस्ट २०१८ रोजी स्फोट होऊन आग लागली होती. तेव्हा हे गणित चेंबूर-माहुलच्या शाळांतील विद्यार्थ्यांना केवळ परदेशातील गोष्ट वाटू नये.

कॅलिफोर्नियाने पुढे काही केले नाही असे नाही. २०१७ साली तेथे कायदा होऊन, १ जानेवारी २०२० पर्यंत प्रत्येक तेलशुद्धीकरण कारखान्याने कुंपणावर तत्क्षणी मोजणारी यंत्रे बसवावीत आणि त्यांच्या नोंदी लोकांना पाहता याव्यात असे ठरले. यांतील काही यंत्रे प्रकाशाचा झोत कुंपणालगत लांबवर सोडतात आणि वाटेतील वायू त्यातल्या कोणत्या लहरी शोषतात यावरून त्यांची ओळख पटवतात. वर्णपटाच्या धड्याला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. पांढऱ्या ढगासारखे जमिनीलगतचे उत्सर्जन अशा झोतात सापडेल. काळ्या धुरासारखे तप्त उत्सर्जन मात्र झोताच्या डोक्यावरून निघून जाऊ शकते, आणि ते खाली कोठे उतरते ते पाहायला वस्तीत यंत्रे लागतात. २०१२ च्या त्या संध्याकाळचे जे मोजले गेले नाही, ते आता कोणत्याच यंत्राने मोजता येणार नाही. रिचमंडमधल्या एखाद्या आईने 'माझ्या मुलाने त्या रात्री किती धूर घेतला?' असे विचारले, तर तिला द्यायला आकडा नाही.

आणखी एक गोष्ट अहवालात विस्ताराने यायला हवी होती. ६ वाजून ३८ मिनिटांनी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने इशारा दिला, की घरात राहा, दारे-खिडक्या लावून घ्या. तो रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी मागे घेतला गेला. बंद घर कितपत वाचवते? ज्या घरात तासाला निम्मी हवा फटींतून बदलते तेथे बाहेर धूर सतत राहिला, तर एका तासाने आतील प्रमाण बाहेरच्या सुमारे ४० टक्के आणि चार तासांनी सुमारे ८६ टक्के होते. (भिंतींवर, पडद्यांवर काही पदार्थ चिकटून राहतात, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमी.) म्हणजे घर थोड्या वेळासाठी चांगली ढाल आहे, फार वेळासाठी नाही. आणि बाहेरची हवा स्वच्छ झाल्यावर आतली हवाच अधिक खराब असते. तेव्हा खिडक्या ताबडतोब उघडायला हव्यात. ही दुसरी सूचना पहिलीइतक्याच जोराने सांगितली जाते काय, याविषयी आम्हाला शंका आहे.

वर्गात चित्रफीत दाखवायची झाल्यास ती दोनदा थांबवावी, असे आम्ही सुचवू. पहिल्यांदा पांढरा ढग पसरतो तेथे. हा धूर आहे की आणखी काही, आणि तो पांढरा का, एवढेच विचारावे. दुसऱ्यांदा ढग पेटून काळा धूर उठतो तेथे. मग सांगावे, की वाऱ्याच्या दिशेला दोन किलोमीटरवर एक शाळा आहे आणि वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहतो आहे. धूर सरळ आला तर त्याला ४०० सेकंद लागतील, म्हणजे सात मिनिटांहून कमी. ढग पेटला ६ वाजून ३४ मिनिटांनी, इशारा आला ६ वाजून ३८ मिनिटांनी. खिडक्या लावायला किती वेळ उरला ते मुले लगेच सांगतील. त्यानंतर फळ्यावर ३ वाजून ४८ मिनिटे ही वेळ लिहावी, आणि इशारा देण्याचे काम आपल्याकडे असते तर तो कोणत्या मिनिटाला दिला असता, हे प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावे.